गर्भपातापूर्वीच्या वैद्यकीय तपासण्या : गरज, रिवाज आणि अटकाव

गर्भपाताची मागणी घेऊन एखादी स्त्री दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिच्या हाती प्रथम पडतो तो तपासण्यांचा कागद. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, सोनोग्राफी, आणि त्या त्या दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे काविळीची व एचआयव्हीची चाचणी, असा हा कागद मुंबई-पुण्यात एका सकाळीत पुरा होतो. पण सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून निघालेल्या स्त्रीला त्याच कागदापायी रोज बुडवून, घरात काही सबब सांगून, तालुक्याच्या गावी दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. या कागदावरील प्रत्येक ओळ कशासाठी आहे, तिच्यावाचून चालेल काय, आणि ती पुरी होईतो जो काळ जातो त्याचा हिशेब कोणी मांडावयाचा, हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यकाच्या जगात बराच खल होऊन पुढे आला आहे. गर्भपात इष्ट की अनिष्ट या मूळ वादात प्रस्तुत लेख शिरत नाही. कायद्याने मान्य केलेला गर्भपात करताना आधी काय पाहावे, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

पूर्वपीठिका

1860 च्या भारतीय दंडसंहितेत, कलम 312 अन्वये, स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने केलेला गर्भपात तेवढा गुन्ह्यातून वगळला होता. बाकी सारा व्यवहार चोरून चालत असल्यामुळे तपासणीचा प्रश्नच उद्भवत नसे; ज्या घरात सुईण मागल्या दाराने येई आणि काडी किंवा मुळी वापरून परत जाई, तेथे रक्तगट कोण पाहणार? या चोरट्या व्यवहारात दगावणाऱ्या स्त्रियांची दखल घेऊन केंद्र सरकारने 1964 साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने 1966 च्या अखेरीस अहवाल दिला, 1971 साली वैद्यकीय गर्भपात कायदा मंजूर झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून त्याचा अंमल सुरू झाला.

हा कायदा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती पुष्कळ डॉक्टरांनाही नवी वाटते. नोंदणीकृत डॉक्टरने सद्हेतूने बनविलेले मत, स्त्रीची लेखी संमती, मान्यताप्राप्त जागा आणि नोंदवही, एवढ्यांची मागणी कायदा करतो. अमुक चाचणी केल्यावाचून गर्भपात करू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत पतीच्या सहीचीही तरतूद नाही, मग दवाखान्यातला कारकून ती कितीही आग्रहाने मागो. तपासण्यांची यादी कायद्यातून नव्हे, तर शस्त्रक्रियागृहातून आली. त्या काळी गर्भपात म्हणजे भूल देऊन, गर्भाशयाचे तोंड रुंदावून, धातूच्या उपकरणाने आतील अस्तर खरवडून काढणे, ज्याला आजही लोक ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात. भूल द्यावयाची म्हटल्यावर हृदय, फुप्फुसे, रक्त, लघवी हे सारे पाहणे ओघानेच आले. पुढे खरवडण्याची जागा निर्वात शोषणाने घेतली, भूल सौम्य झाली, आणि नंतर तर शस्त्रावाचून केवळ गोळ्यांनी काम होऊ लागले. पद्धत अशी पालटत गेली तरी यादी मात्र तशीच राहिली, किंबहुना लांबत गेली.

ती लांबण्यास दुसरेही एक कारण घडले. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिल्यानंतर, उद्या कोणी तक्रार गुदरली तर कागदोपत्री आपली बाजू भक्कम असावी, ही दक्षता खाजगी व्यवसायात बळावली. तिला दोष देणे सोपे आहे. परंतु एका अनिष्ट प्रसंगाने आयुष्यभराची अब्रू पणाला लागू शकणाऱ्या डॉक्टरच्या खुर्चीवर बसून पाहिल्यास ती अनाकलनीय वाटत नाही.

गोळ्यांचे आगमन

मिफेप्रिस्टोन हे औषध फ्रान्समध्ये 1988 साली मान्य झाले. भारतात त्याला 2002 साली परवानगी मिळाली, आणि 2008 साली मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल यांचे एकत्रित पाकीट शेवटच्या पाळीपासून 63 दिवसांपर्यंतच्या गर्भासाठी संमत झाले. वादाचे सारे स्वरूप या पाकिटाने पालटले. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2015 या एका वर्षात भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यांपैकी रुग्णालयात किंवा दवाखान्यात झालेले शेकडा 22 च होते. शेकडा 73 दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. म्हणजे ज्या तपासण्यांविषयी तज्ज्ञ वाद घालीत आहेत, त्यांतली एकही चार स्त्रियांपैकी जवळजवळ तिघींच्या वाट्याला बहुधा आलीच नसावी. औषधाच्या दुकानातून नवऱ्याने किंवा दिराने आणून दिलेले पाकीट, त्यावरील बारीक इंग्रजी मजकूर आणि घरातले न्हाणीघर, एवढीच त्यांची व्यवस्था.

म्हणून दवाखान्यातील तपासणी कठोर असावी की सैल, हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. ती फार कठोर आणि खर्चिक झाली की स्त्री दुकानाकडे वळते, आणि तेथे कोणी काहीच विचारीत नाही.

सोनोग्राफी

साऱ्या वादाचे केंद्र सोनोग्राफी हे आहे. ग्लासगोच्या इयन डॉनल्ड यांनी 1958 साली ध्वनिलहरींनी पोटातील चित्र पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा गर्भपाताशी तिचा काही संबंध नव्हता. आज ती गर्भपाताचा जणू उंबरठा होऊन बसली आहे. तिच्याकडून तीन गोष्टी कळतात : गर्भ किती दिवसांचा आहे, तो गर्भाशयातच आहे की नळीत, आणि गर्भाशयावर पूर्वीच्या सिझेरियनचा व्रण असल्यास गर्भ त्या व्रणावर तर रुजलेला नाही ना.

सोनोग्राफी सर्वांचीच व्हावी म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. गर्भ नळीत राहिला असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही. उलट गोळ्यांमुळे होणारी पोटदुखी व रक्तस्राव आणि नळी फुटण्याची लक्षणे एकमेकांसारखी दिसल्यामुळे धोका ओळखण्यास उशीर होतो, आणि त्या उशिरात स्त्रीचा प्राण जाऊ शकतो. आमच्याकडे पाळीची तारीख लिहून ठेवण्याची सवय सार्वत्रिक नाही. अंगावर पाजत असलेल्या बाईला पाळी येण्यापूर्वीच दिवस गेलेले असतात, तिला तारीख विचारून काय उपयोग? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील शेकडा 21.5 प्रसूती सिझेरियनने होतात, म्हणजे व्रण असलेल्या गर्भाशयांची संख्या वाढती आहे. आणि काही विपरीत घडले तर रुग्णवाहिका वेळेवर येईल, अशी हमी आमच्या खेड्यांत कोण देणार?

दुसऱ्या पक्षाचा आधार मुख्यतः ब्रिटनमधील अनुभवाचा आहे. करोनाच्या साथीत, 2020 च्या मार्चअखेर, इंग्लंडने दहा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी दूरध्वनीवर सल्ला व टपालाने गोळ्या अशी तात्पुरती मुभा दिली. या बदलापूर्वीच्या व नंतरच्या मिळून 52,142 गर्भपातांची तुलना 2021 साली प्रसिद्ध झाली. जुन्या रीतीने, सोनोग्राफी करून झालेल्या गर्भपातांत यशाचे प्रमाण शेकडा 98.2 होते, नव्या रीतीत 98.8, नळीतील गर्भाचे प्रमाण दोहोंकडे शेकडा 0.2 च भरले. प्रतीक्षेचा काळ सरासरी चार दिवसांनी घटला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या मार्गदर्शिकेत सोनोग्राफी ही गर्भपाताची पूर्वअट असू नये अशी स्पष्ट शिफारस केली. त्याच वर्षी इंग्लंडमधील तात्पुरती मुभा कायम झाली.

या अभ्यासाचा हवाला देताना एक तपशील बहुधा गाळला जातो. नव्या रीतीतील सर्वच स्त्रियांना सोनोग्राफीवाचून गोळ्या मिळाल्या नव्हत्या. पाळीची तारीख अनिश्चित असणे, पोटात एका बाजूस दुखणे, रक्तस्राव, पूर्वी नळीत गर्भ राहिलेला असणे, असे काही आढळल्यास त्यांना प्रत्यक्ष बोलावून तपासले जाई. सोनोग्राफीवाचून पार पडलेल्यांचे प्रमाण शेकडा 61 होते. तेव्हा तेथे तपासणी रद्द झाली असे म्हणणे चूक आहे; ती यंत्राकडून प्रश्नांकडे सरकली, आणि यंत्र निवडक स्त्रियांपुरते उरले. हे साधले ते प्रश्न विचारणारी प्रशिक्षित परिचारिका आणि प्रसंगी हाकेला ओ देणारे रुग्णालय असल्यामुळे. तरीही शंका मिटलेली नाही. दहा आठवड्यांची मुदत पुष्कळ उलटून गेलेली असताना अशा गोळ्या मिळवून घेतल्याबद्दल तेथे 2023 साली एका स्त्रीला शिक्षा झाली, आणि प्रत्यक्ष भेट पुन्हा सक्तीची करावी अशी मागणी उठली. 2025 च्या जूनमध्ये ब्रिटिश लोकसभागृहाने ती सूचना फेटाळली.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्याच वळणावर गेला आहे. तेथील काही राज्यांनी गर्भपातापूर्वी सोनोग्राफी कायद्याने बंधनकारक केली, काहींनी पडद्यावरील चित्र स्त्रीला दाखविण्याची तरतूद केली. पुरस्कर्ते याला पूर्ण माहितीअंती दिलेली संमती म्हणतात. टीकाकारांच्या मते तेथे तपासणी वैद्यकाचे अंग न राहता मन वळविण्याचे साधन झाली आहे. रोगनिदानाच्या दृष्टीने स्त्रीने चित्र पाहिल्याने काही फरक पडत नाही, एवढे तर दोन्ही पक्षांस मान्य व्हावे.

आमच्याकडील गुंतागुंत याहून वेगळी आणि अधिक अवघड आहे. लिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 चा. राज्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालील मुलींची संख्या 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 अशी घसरत गेली हे पाहता या कायद्यांची निकड नाकारता येत नाही. परंतु त्यांच्यामुळे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र सरकारदप्तरी नोंदलेले, प्रत्येक गर्भवतीमागे एक ‘फॉर्म एफ’ भरलेला, अशी व्यवस्था आली. यंत्र मोठ्या गावीच राहिले आणि गर्भपात करणारा डॉक्टर तपासनीसाच्या नजरेखाली आला. एका हाताने दुर्मिळ केलेले यंत्र दुसऱ्या हाताने अनिवार्य करावयाचे, असा हा विसंगत व्यवहार आहे. वास्तविक नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीने लिंग कळतच नाही, म्हणून या टप्प्यावरील गर्भपाताचा लिंगनिदानाशी संबंध जोडणे गैर आहे. पण 2012 नंतर महाराष्ट्रात औषध प्रशासनाने गोळ्यांवर जी करडी नजर ठेवली, तिच्या धास्तीने अनेक दुकानदारांनी त्या ठेवण्याचेच सोडून दिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सोनोग्राफी सरसकट सक्तीची नाही, शंका असेल तेथे ती करावी. खाजगी व्यवहारात हे ‘शंका असेल तेथे’ केव्हाच गळून पडले आहे.

रक्तगटाचा वाद

स्त्रीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि गर्भाचा पॉझिटिव्ह असेल, तर गर्भाच्या रक्तपेशी तिच्या रक्तात मिसळून प्रतिपिंडे तयार होतात व पुढील गर्भाला त्यांची बाधा होते. 1968 च्या सुमारास अँटी-डी हे इंजेक्शन उपलब्ध झाले आणि या आपत्तीला पायबंद बसला. तेव्हापासून गर्भ कितीही लहान असो, निगेटिव्ह स्त्रीला इंजेक्शन द्यावयाचे, हा नियम जवळजवळ धर्माज्ञेसारखा पाळला गेला.

गेल्या काही वर्षांत त्याच्या मुळाशी जाऊन पाहिले गेले. इतक्या लवकरच्या गर्भाचे एकूण रक्तच अत्यल्प. त्यातले आईच्या रक्तात उतरणार ते किती? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2019 साली दहा आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपातासाठी हे इंजेक्शन देऊ नये असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली ती मर्यादा बारा आठवड्यांपर्यंत नेली, आणि 2024 साली अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही त्याच मताला आली.

भारतात आरएच निगेटिव्ह लोक शेकडा पाचांच्या आसपास आहेत, युरोपीय वंशीयांत ते पंधराच्या घरात. म्हणजे येथे ही चाचणी वीस जणींची करावी तेव्हा एकीच्या बाबतीत प्रश्न उद्भवणार. तरीही येथील ज्येष्ठ डॉक्टर ती सोडावयास कचरतात, आणि त्यांचे म्हणणे असे की, दिवस मोजण्यातच जेथे चूक संभवते तेथे बारा आठवड्यांची रेषा विश्वासार्ह कशी मानावी? शिवाय रक्तगट माहीत असणे पुढील बाळंतपणातही उपयोगी पडते. हा युक्तिवाद चाचणी करण्याच्या बाजूने ठीक आहे. पण रक्तगटाचा अहवाल येईतो गोळ्या रोखून धरण्याच्या बाजूने तो फारसा टिकत नाही.

रक्तक्षय आणि इतर बाबी

हिमोग्लोबिनविषयी मात्र आम्हांस इतकी साशंकता वाटत नाही. पाश्चात्त्य मार्गदर्शिका निरोगी दिसणाऱ्या स्त्रीचे रक्त तपासण्याचा आग्रह धरीत नाहीत. परंतु त्या ज्या समाजासाठी लिहिल्या आहेत त्या समाजाचे रक्त आमच्यासारखे पातळ नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा 57 रक्तक्षयाने पीडित आढळल्या, आणि महाराष्ट्रासारख्या तुलनेने सुस्थितीतल्या राज्यातही हे प्रमाण अर्ध्याहून अधिक होते. आठ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर गोळ्यांचा मार्ग टाळावा, असे आमच्या मार्गदर्शिकांत आहे. ही चाचणी बोटातल्या एका थेंबावर, खेड्यातल्या उपकेंद्रातही होते, आणि तिच्या निकालाने उपचार खरोखर बदलतो. स्वस्त, जवळची आणि निर्णय बदलणारी, या तिन्ही कसांना उतरणारी दुसरी चाचणी या यादीत नाही.

दमा, दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइडे, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भाशयात असलेली तांबी, या गोष्टी विचारल्यानेच कळतात. त्यांना यंत्र लागत नाही, पाच मिनिटांचा निवांतपणा लागतो. संसर्गाच्या चाचण्यांबद्दल वाद थोडा आहे : शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक द्यावे, चाचणीसाठी खोळंबू नये, असा सर्वसाधारण कल दिसतो.

मनाची चाचपणी

शरीराबरोबर मनाचीही तपासणी व्हावी काय, हा वाद पश्चिमेत जोरात आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की काही स्त्रिया दडपणाखाली गर्भपात करवून घेतात व पुढे मनोविकारांनी ग्रासल्या जातात, म्हणून अशा स्त्रिया आधीच हुडकून काढणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय राजमहाविद्यालयांच्या परिषदेने 2011 साली उपलब्ध संशोधनाचा धांडोळा घेतला, तेव्हा नको असलेले गर्भारपण गर्भपाताने संपो की प्रसूतीने, मनोविकाराचे प्रमाण सारखेच आढळले, आणि पुढील त्रासाचे सर्वांत मोठे सूचक म्हणजे आधीपासूनचा मानसिक आजार, असा निष्कर्ष निघाला. पहिल्या पक्षाला या संशोधनाच्या पद्धती मान्य नाहीत. मात्र दडपणाची चौकशी असू नये, असे दुसरा पक्षही म्हणत नाही.

आमच्याकडे या चौकशीला वेगळे वजन आहे. सासूच्या किंवा नवऱ्याच्या समोर, दार उघडे असताना, ‘तुमची संमती आहे ना?’ असे विचारले तर येणारे उत्तर स्त्रीचेच असेल याची काय खात्री? दडपण दोन्ही बाजूंनी असते. मुलगी आहे म्हणून पाडावयास लावणारे घर असते आणि मूल नको असतानाही वाढवावयास लावणारे घरही. मतिमंदत्व आणि मानसिक आजार हे भिन्न असून सौम्य मतिमंद सज्ञान स्त्रीची संमती डावलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 सालच्या चंडीगढच्या प्रकरणात स्पष्ट केले. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळविण्याच्या सक्तीमुळे पालक दवाखान्याची वाट टाळीत. 2022 च्या निकालात मुलीची ओळख उघड न करण्याची मोकळीक न्यायालयाने दिली. दवाखान्यापर्यंत ही मोकळीक पूर्णपणे झिरपली आहे, असे म्हणवत नाही.

वीस आठवड्यांच्या पुढे

2021 च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, आणि विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचे मत पुरेसे ठरविले. त्यापुढे, गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. व्यंग दाखविणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होत असल्याने खात्री करून घेण्यातच मुदत सरते, आणि प्रकरण मंडळाकडे, प्रसंगी न्यायालयाकडे जाते. मंडळांनी पाहावे काय, यावरही एकमत नाही : केवळ गर्भ, की स्त्रीही? 2024 साली महाराष्ट्रातील एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात मंडळाच्या पहिल्या अहवालात तिच्या शारीरिक व मानसिक अवस्थेचा विचारच नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयास आढळले. मंडळाने तो केलाच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले.

उशीर हा स्वतःच एक धोका आहे, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतील 1988 ते 1997 या काळातील नोंदींवरून असे दिसले की, मृत्यूचा संभव मुळात अत्यल्प असला तरी गर्भ वाढत जाईल तसतसा तो दर आठवड्यागणिक शेकडा 38 ने चढत जातो. तपासणीमुळे टळणारा धोका आणि तपासणीपायी वाढणारा धोका एकाच तराजूत घालून पाहणारा अभ्यास भारतीय खेड्यांच्या परिस्थितीत व्हावयास हवा. तोवर ब्रिटनचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करणे जितके घाईचे, तितकेच ते बाजूस सारून जुनी यादी चालू ठेवणे आळसाचे होय. चोवीस आठवडे उलटलेल्या अर्जावर वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे आणि पाच दिवसांच्या आत गर्भपात पार पडावा, अशी मुदत 2021 च्या नियमांनी घालून दिली आहे. सात आठवड्यांची स्त्री सोनोग्राफीच्या अहवालासाठी किती दिवस ताटकळावी, याला मात्र कोणत्याही नियमाने मुदत घातलेली नाही.